डॅडी किती लांब?

“मम्मी, अजून मागे जा! अजून!”

ल्युसी फोन छातीशी धरून गल्लीत मागे मागे सरकली आणि जॅकलिनच्या हातातला फोन किंचाळला.

“वाजला! मम्मी, वाजला गं!”

चाळिशीची जॅकलिन उड्या मारायला लागली. अंधेरीच्या एका कंपनीत ती वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या ॲपमधल्या चुका शोधत आली होती. हे ॲप मात्र तिचं स्वतःचं होतं. दोन फोन ठरवलेल्या अंतरापलीकडे गेले की ते वाजायचं. तिचे डॅडी, युस्टेस, हल्ली सगळं विसरायचे; दार उघडं दिसलं की चालू पडायचे. एकदा पार दहिसरला सापडले, तेव्हापासून ल्युसीने त्यांना बाहेर नेणंच सोडलं होतं.

पण घरात ॲपने वाट लावली. डॅडी शेजारी बसलेले असतानाही फोन बोंबलायचा. वैतागून जॅकलिनने ऑफिसातल्या निहारला विचारलं.

“फोन मागच्या खिशात ठेवतात ना?” निहार हसला. “अगं, अंगाआड ब्लूटूथचा सिग्नल कमी होतो. ॲपला वाटतं, माणूस लांब गेला. गळ्यात अडकव यार!”

गळ्यात अडकवला. झकास चाललं.

रविवारी बोरिवलीतल्या त्यांच्या गावठाणात चर्चचा सण होता. “नेऊया ना डॅडींना,” जॅकलिन म्हणाली. ल्युसी घाबरत होती, तरी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं.

मैदानात बँड सुरू झाला. ल्युसी मिठाईच्या टेबलाकडे वळली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेजारी युस्टेस नव्हते.

“जॅकी! डॅडी!”

जॅकलिनने तिच्या हातातून फोन घेतला. स्क्रीनवर डॅडींच्या फोनच्या सिग्नलची हिरवी पट्टी होती. उजवीकडे गेली, पट्टी आखडली. वळून बँडच्या दिशेने धावली. पट्टी वाढली, अजून वाढली, आणि समोर डॅडी! ढोलवाल्यापुढे, दोन्ही हात वर करून नाचत होते.

“सापडले! मम्मी, चाललं गं माझं ॲप!” तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ती डॅडींचा हात धरायला धावली, पण ल्युसीने तिला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाली.

युस्टेसनी ल्युसीकडे पाहिलं. नाचता नाचता थांबले, शर्ट नीट केला आणि अदबीने किंचित झुकले.

“नाव काय तुमचं?” त्यांनी विचारलं. “माझ्याबरोबर नाचाल?”

“ल्युसी,” ती म्हणाली, आणि पदर खोचून तिने हात पुढे केला.