वडिलांची खुर्ची

न्हाव्याच्या उजव्या खांद्यामागची गाठ हरभऱ्याएवढीच होती. परंतु त्या हरभऱ्याने मालीशवाल्या मावशींना कोड्यात टाकले होते. तीस वर्षे त्यांनी लोकांची आखडलेली अंगे मोकळी केली होती. तथापि एखादी गाठ अशी आगंतुक पाहुण्यासारखी पुन्हा पुन्हा यावी, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हते. अंगठ्याने दाबून धरली आणि न्हाव्याने सावकाश श्वास सोडला, की ती विरघळे. तीन दिवसांनी तो हात छातीशी धरून पुन्हा दारात उभा राही.

त्याची चिंता वेगळी होती. महिनाअखेरपर्यंत हात बरा झाला नाही, तर दुकान मेहुण्याकडे द्यावे, असे घरात ठरले होते. मेहुण्याची कैचीपेक्षा जीभच अधिक चालते, असे न्हाव्याचे म्हणणे होते.

एके दिवशी तो दुकानाच्या सुट्टीनंतर, दुकान उघडण्याआधी सकाळीच आला, तेव्हा मावशींच्या बोटांना नवल वाटले. गाठ जवळजवळ नव्हतीच. अर्थात खोट खांद्यात नसून कामात आहे, असे अनुमान काढून त्या दुपारी स्वतः दुकानात गेल्या. "तू काप. मी नुसता हात ठेवते," असे म्हणून त्यांनी न्हाव्याच्या पाठीवर तळवा टेकवला.

गिऱ्हाईक आरशातून पाहत होते. "आज दोघं मिळून कापणार वाटतं," ते म्हणाले.

मावशींचे लक्ष तळव्याकडे होते. कैची उचलताच खांदा कानाकडे चढे, तो खाली येतच नसे. त्यांनी गिऱ्हाइकाचे डोके पाहिले, न्हाव्याचे कोपर पाहिले, आणि शेवटी वाकून खुर्ची पाहिली.

"ही इतकी उंच का रे?"

खुर्ची वडिलांची होती. वडील ताडमाड उंच, आणि मुलगा आईच्या वळणावर गेलेला. ते गेल्यापासून अकरा वर्षे तिची उंची बदलायची खिट्टी कोणी हलवली नव्हती, आणि तरुण खांद्याने आजवर ते निमूटपणे सोसले होते.

"बाबांनी लावलेली उंची आहे, मावशी. मी नाही उतरवणार." आवाज मऊ होता, पण शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मावशींनी वाद घातला नाही. गेलेल्या माणसाशी भांडून कोण जिंकले आहे? त्या घरी परतल्या. मालीशच्या खाटेशेजारी वीतभर उंचीची एक लाकडी पायरी असे. ठेंगण्या असल्याने तिच्यावर उभ्या राहून त्या अंगाचा भार अंगठ्यात उतरवीत. ती काखोटीला मारून त्यांनी दुकानात आणली व खुर्चीमागे ठेवली.

"यावर चढ. खुर्ची फिरव, तू फिरू नकोस."

न्हावी चढून कापू लागला, आणि मावशींनी पुन्हा तळवा टेकवला. तळव्याखालचा खांदा यावेळी जागचा हलला नाही. मावशी बराच वेळ हात तसाच ठेवून ऐकत असल्यागत उभ्या होत्या.

"मग तुम्ही कशावर उभ्या राहणार?" न्हाव्याने विचारले.

"माझी खाट काही बाबांनी लावलेली नाही. सुताराकडून पाय कापून घेते तिचे."

महिनाअखेरीस मेहुणा दुकान ताब्यात घ्यायला आला. न्हाव्याने त्याला आदराने खुर्चीत बसवले, आणि पायरीवर चढून त्याचे केस कापले.