कोपऱ्यांत जाणारी पट्टी

माझ्या धाकट्या दिरांना सल्ला देण्याचा आजार आहे आणि त्यावर औषध नाही. ते एका शाळेच्या कचेरीत कारकून आहेत, पण बोलतात असे की शाळा जणू त्यांच्याच खांद्यावर उभी आहे. सहामाहीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले, काउंटरवर ठेवलेली काच हाताने बाजूला सारली (काच अशी सारू नये, हे त्यांना दहा वर्षं सांगतेय) आणि मुंगीचं प्रगतिपुस्तक उघडून उभे राहिले.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. वय आठ, इयत्ता तिसरी. स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलायची आणि मध्येच सोडायची नाही, म्हणून हे नाव पडलं. दुकान फोटो फ्रेमचं. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी चालवते, कारण मुंगीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात आणि दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लटकलेले असतात. निर्णय घ्यायची वेळ आली की ते नेहमीच दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात.

तर, प्रगतिपुस्तक. मुंगीची शाळा जरा निराळी आहे. तिथे दुसरी भाषा शिकवत नाहीत, त्या भाषेतच सगळं शिकवतात. पहिल्या दिवसापासून गणित, गाणी, भांडणं, पाणी मागणं, सगळं तिच्यातच. आपल्या भाषेचं वाचन सुरू होतं ते तिसरीत, आणि तेही दिवसाला एक तास. ही शाळा मी निवडली होती, घरातल्या सगळ्यांशी भांडून. मला स्वतःला ती भाषा दहा वर्षं शिकवली, पुस्तकातून, आणि आजही मला तिच्यात धड पाणी मागता येत नाही. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

आता पुस्तकात लिहिलं होतं: घरच्या भाषेचं वाचन, इयत्तेच्या मानाने मागे.

"वहिनी, एक ना धड भाराभर चिंध्या, असं होणार हिचं," भाऊजी म्हणाले. त्यांच्या शाळेत सगळं आपल्या भाषेत होतं. तिथे एक जागा रिकामी होती, पण दुसरीच्या वर्गात. एक वर्ष मागे बसेल, पाया पक्का होईल, काय बिघडलं? अर्जाला सहा आठवड्यांची मुदत होती. तोवर ते स्वतः मुंगीची परीक्षा घेणार आणि वाचन जमलं नाही तर अर्ज भरायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मुंगीचे बाबा म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे 'हो', हे मला लग्नाला वर्ष व्हायच्या आत कळलं होतं.

मुंगीला यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. मागे बसवणार हे कळलं असतं तर तिने हातपायच गाळले असते.

माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे, मी म्हटलं, दाखवतेच. आणि इथेच मी चुकले, कारण मी ते माझ्या पद्धतीने दाखवायला गेले. फ्रेमच्या दुकानात प्रत्येक चित्राच्या पाठीला चिठ्ठी लागते: नाव, माप, काच कुठली, चौकटीची पट्टी कुठली. मी घरभर तशाच चिठ्ठ्या चिकटवल्या. दार, खिडकी, बादली, उशी. बाबांच्या बुटांवरसुद्धा 'बूट' लिहिलं आणि ते बिचारे तसेच कामावर गेले. रोज संध्याकाळी तासभर मोठ्याने वाचन. आणि एक नियम: घरात आणि दुकानात शाळेची भाषा बोलायची नाही. एक शब्दही नाही.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात तिने वर्गातल्या गोष्टी सांगणं बंद केलं, कारण त्या गोष्टी घडल्याच होत्या त्या भाषेत आणि इकडे आणताना तिची दमछाक व्हायची. तिसऱ्या आठवड्यात पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. वाचायला बसली की अक्षरांवर बोट ठेवून माझ्याकडे बघायची, बरोबर की चूक ते माझ्या चेहऱ्यावर वाचायला. मला वाटलं, हट्टीपणा. मीही हट्टालाच पेटले होते.

मग दवाखान्यातल्या एका नर्सबाईंचं प्रशस्तिपत्रक फ्रेम करायला आलं.

आधी इथली रीत सांगायला हवी. चित्राला पट्टी किती लागेल ते काढताना काचेच्या चारही बाजूंची बेरीज करून भागत नाही. पट्टीचे तुकडे कोपऱ्यात तिरके कापावे लागतात, आणि प्रत्येक कोपरा दोन्ही बाजूंनी पट्टी खातो. चार कोपरे, दोन दोन बाजू, म्हणून बेरजेत पट्टीच्या रुंदीच्या आठपट मिळवायची. नवीन माणूस हे आठ हमखास विसरतो आणि मग शेवटचा तुकडा तोकडा पडतो. मुंगी सातव्या वर्षापासून हे गणित करते. मी करवत लावेपर्यंत ती काउंटरच्या कडेवर बोटं नाचवत, काहीतरी पुटपुटत, आकडा सांगून मोकळी होते. माझ्याहून लवकर, आणि आजवर कधी चूक नाही.

प्रशस्तिपत्रकाची काच होती चाळीस बाय तीस, पट्टी तीन सेंटीमीटर रुंद. मी विचारलं, किती? ती गप्प उभी राहिली. बोटं मिटलेली, ओठ घट्ट मिटलेले. बऱ्याच वेळाने म्हणाली, एकशे चाळीस. माझं लक्ष गिऱ्हाइकाकडे होतं आणि तिच्या आकड्यावर माझा आंधळा विश्वास. कापली पट्टी. चौथा तुकडा एवढासाच उरला. लाकूड एकदा कापलं की कापलं.

मी ओरडले. नर्सबाईंच्या समोर ओरडले, त्याची मला आजही लाज वाटते. आठ कसे विसरलीस, गेल्या वर्षीपासून येतंय ना तुला?

मुंगी रडली नाही. तोकडा तुकडा हातात घेऊन म्हणाली, "आठ माझे तिकडच्या भाषेत आहेत. तू तिकडचं बोलू नको म्हणालीस. मग मी ते कुठून आणू?"

नर्सबाई शहाण्या. घाई नाही, तीन आठवड्यांनी येते म्हणाल्या आणि गेल्या.

मी स्टुलावर बसले. वर्षभर ही पोर माझ्या काउंटरशी पुटपुटत होती, आणि ती काय पुटपुटते हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं. ती शाळेच्या भाषेत मोजत होती. पाढे तिथे, बेरजा तिथे, विचार करायची सवय तिथली. त्या भाषेला मी दाराबाहेर काढलं आणि आत पोरीने हुशारी दाखवावी अशी अपेक्षा धरली. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गाच्या बाईंना जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. सुरुवातीला मुलं दोन्हीकडे अडखळतात, म्हणाल्या, पण एकीकडे जे समजलं ते दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही, फक्त शब्द द्यावे लागतात. चौथी-पाचवीपर्यंत बहुतेक मुलं सावरतात. मी विचारलं, आणि सगळी? त्या म्हणाल्या, "सगळ्यांची हमी मी देत नाही. पण तुम्ही तिची एक भाषा बंद केलीत तर दुसरी आपोआप उघडेल, असं मात्र होत नाही."

हमी न देणारं माणूस मला आवडतं. मीही गिऱ्हाइकाला रंग उडणार नाही असं कधी सांगत नाही.

घरी आले आणि सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. बुटावरची राहिली, ती निघेना. मुंगीला सांगितलं की मोजायचं तिकडून, वाचायचं इकडचं, आणि मध्ये जे सापडेल ते मला सांगायचं. आणि शिकवणी बंद. त्याऐवजी दुकानातल्या खऱ्या चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या. गिऱ्हाइकाने काय हवं ते सांगायचं, मुंगीने लिहायचं, आणि संध्याकाळी मला सगळ्या वाचून दाखवायच्या. त्यात चूक झाली तर माझं लाकूड वाया जाणार, हे तिला नीट माहीत होतं. पहिल्या दिवशी चार चिठ्ठ्यांना पाऊण तास लागला. एका आजोबांच्या फोटोला तिने 'काळी पट्टी' ऐवजी 'काळी पाटी' लिहिली, त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. रोज. सुट्टीच्या दिवशीही. ती कंटाळली की मी कंटाळत नव्हते, आणि मी दमले की ती पुढची चिठ्ठी ओढायची. पाचव्या आठवड्यात ती मला न विचारता वर्तमानपत्रांची रद्दी वाचू लागली. चित्रांच्या मध्ये घालायला मी आणते ती. हळू वाचायची, पण मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, भाऊजी आले. बाबांनाही त्यांनी कामावरून बोलावून घेतलं होतं. काउंटरवर एक उतारा ठेवला आणि मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी मांडलं. मुंगीला वाटलं, काकांना गंमत सुचलीय.

तिने वाचलं. खोटं कशाला सांगू, जोडाक्षरांपाशी ती थांबत होती, दोनदा ओळ चुकली. भाऊजींनी काट्याकडे बघून बाबांकडे बघितलं. पण उताऱ्यावरच्या पाचही प्रश्नांची उत्तरं तिने बरोबर दिली, आणि शेवटच्या प्रश्नाला म्हणाली की हे उताऱ्यात लिहिलेलं नाही, आपण समजून घ्यायचं आहे.

मग गणित. एका चित्राची लांबी तीस, रुंदी वीस, तर भोवती चौकट बसवायला किती सेंटीमीटर पट्टी लागेल? मुंगीची बोटं काउंटरवर नाचायला लागली, ओठ हलायला लागले.

"हे काय पुटपुटते?" भाऊजी म्हणाले. "आपल्या भाषेत कर."

"तिला तिकडून मोजू द्या, भाऊजी. उत्तर इकडेच देईल."

मुंगीने विचारलं, "काका, पट्टी किती रुंद आहे?"

ते लिहिलेलं नाही, भाऊजी म्हणाले, आणि त्याची गरजही नाही, उत्तर शंभर. मुंगीने नाही अशी मान हलवली. मग माझ्या डब्यातली दोन सेंटीमीटरची पट्टी आणून तिने काकांच्या पुढ्यात धरली, आणि कोपरा कसा कापतात, तो पट्टी कशी खातो, आठ कुठून येतात, हे सगळं आपल्या भाषेत, एकदाही न अडखळता समजावलं. या पट्टीची असेल तर एकशे सोळा. शंभर आणलीत तर तुमचं चित्र उघडं राहील. बाबा हसले. भाऊजी हसले नाहीत, पण त्यांनी पट्टी हातात घेऊन कोपऱ्याशी धरून बघितली, एवढं मान्य करायला हवं.

"गणिताचं ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण वाचन? अजून दुसरीच्या मुलांएवढंच आहे." आणि त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. भरूनच आणला होता, त्यांच्या त्या सुंदर कारकुनी अक्षरात. खाली फक्त पालकांची सही बाकी होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणाले, स्पष्ट म्हणाले. त्यांनी भावाकडे बघितलं. मग एक उसासा सोडून खिशातून पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत. माझा हात त्या कागदावर पडणारच होता.

पण मुंगीने तो आधीच स्वतःकडे फिरवला होता. दुकानात आलेला कुठलाही कागद वाचायचा, ही तीन आठवड्यांची सवय. बोट ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. 'प्रवेशाची इयत्ता' पाशी ती थांबली, कारण ते जोडाक्षर कठीण होतं. ते सोडवलं आणि पुढचा शब्द वाचला. दुसरी.

तिचं बोट खालच्या ओळीवर गेलं. शाळा बदलण्याचे कारण.

"मुलीला," तिने वाचलं, "वाचता... येत... नाही."

तिने पुन्हा एकदा वाचलं, या वेळी सलग.

"हे कोणाबद्दल आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुझ्याबद्दल. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिचा चेहरा पडला, आणि मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. काकांकडे बघितलं, मग बाबांच्या हातातल्या पेनाकडे.

भाऊजी खाली बघत घड्याळ मनगटावर बांधायला लागले, आणि पट्टा काही केल्या लागेना. बाबांनी पेनाला टोपण लावलं.

मुंगीने माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. 'दुसरी' वर एक रेघ मारली आणि वर 'तिसरी' लिहिलं. मग कारणाची ओळ खोडली. तिथे काय लिहावं याचा थोडा वेळ, ओठ हलवत, तिकडच्या भाषेत विचार केला, आणि आपल्या भाषेत लिहिलं: शाळा बदलायची नाही.

अर्ज तिने काकांच्या हातात दिला, आणि नर्सबाई येतील म्हणून मला पट्टी काढायला सांगितली. एकशे चौसष्ट, ती म्हणाली.