पॉइंटमधला पुठ्ठा

हर्षदने इस्त्री काउंटरवर आदळली, तसा क्यूआर कोडचा स्टँड खाली पडला. तापत नाहीये, आत्ताच्या आत्ता बघ, असं तो आईला म्हणाला. अंगात नुसता बनियन, खांद्यावर चुरगळलेला पांढरा शर्ट. कुरिअर कंपनीच्या गोदामात तो सुपरवायझर होता. कडक शर्टाशिवाय तिथे आपल्याला कुणी विचारणार नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

वनमालाने स्क्रू ड्रायव्हर उचलला. साकीनाक्याच्या गल्लीत पुढे दुकान, मागे घर. नवरा, लवू, गेल्यापासून इस्त्र्या, गिझर, फ्रिज तीच दुरुस्त करायची. त्यापलीकडे तिला एक नाद होता. मोडीत निघालेल्या वस्तूंमधले थर्मोस्टॅट ती काढून घ्यायची, घासूनपुसून चालू करायची आणि भिंतीवरच्या प्लायवूडच्या फळीवर टांगायची. वांद्र्याच्या पारशीणबाईंच्या टोस्टरमधला होता, सांताक्रूझच्या बंगल्यातल्या गिझरचा लांब तांब्याच्या दांडीचा होता. गल्लीतले त्या फळीला काकींचं देवघर म्हणून चिडवायचे. ती म्हणायची, हसा. गरम झालं की पत्ती वाकते, पॉइंट सुटतात, वीज तुटते. एवढ्याशा पत्र्याला कुठे थांबायचं ते कळतं, याचं तिला फार कौतुक होतं.

इस्त्री उघडली. पत्ती धडधाकट होती. पण दोन पॉइंटच्या मध्ये नखाएवढा पुठ्ठा खोचलेला होता. वीज पुढे जाऊ नये म्हणून मुद्दाम खोचलेला. हे पॉइंट कुठे असतात ते या घरात दोघींनाच माहीत होतं, तिला आणि सुनेला. रुचिराला तिनेच शिकवलं होतं.

पुठ्ठा पिवळा होता, त्यावर निळी अक्षरं. भाजल्यावर लावायच्या मलमाच्या खोक्याचा. ते मलम वनमालानेच आणून दिलं होतं. तवा लागला, असं रुचिरा म्हणाली होती. तवा गोल असतो आणि दंडावरचा डाग टोकदार होता. वनमालाने तो नीट पाहिला होता. हर्षद हात उचलतो हे तिला ठाऊक होतं, त्यावरून ती त्याला बोललीही होती. पण एवढं त्याच्या हातून होणार नाही, तवाच असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. मुलगा आपला होता ना.

तिने मान वर केली. रुचिरा मागच्या दारात उभी होती, मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या घालून. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वनमालाने पुठ्ठा होता तिथे राहू दिला आणि स्क्रू बसवून टाकले. पत्ती गेली, पार्ट मागवायला लागेल, असं तिने हर्षदला सांगितलं.

"एवढे टांगून ठेवलेस ना?" त्याने फळीकडे बोट केलं. "त्यातला एक लाव."

"ते ह्येका बसूचे नाय."

शर्ट काउंटरवर टाकून त्याने फळीच ओढली. खिळ्यांसकट ती खाली आली आणि थर्मोस्टॅट लादीवर विखुरले. मग तो बुटाच्या टाचेने एकेक चिरडायला लागला. टोस्टरमधल्याचं चिनीमातीचं बूड फुटलं. गिझरची दांडी वाकली. वनमालाने त्याला अडवलं नाही. थर्मोस्टॅटवर राग निघेल आणि जाईल कामाला, असा तिचा हिशेब होता. तो साफ चुकला. रुचिरा तुकडे गोळा करायला खाली वाकली आणि हर्षद तिच्याकडे वळला.

"तू काहीतरी केलंयस इस्त्रीला. तूच."

त्याने तिचे केस धरले आणि डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढला. नेहमी असाच वाढायचा, आणि मेल्यांना वाटायचं की आपण सभ्यपणा करतोय.

टेस्टिंग बोर्डावर मार्तंडची इस्त्री लावलेली होती. मार्तंड म्हणजे नाक्यावरचा कपडे इस्त्री करणारा. त्याची जड इस्त्री वनमालाने आदल्या दिवशीच दुरुस्त केली होती आणि ती आता झकास तापली होती. हर्षदने ती उचलली, रुचिराची मान काउंटरवर दाबली आणि इस्त्री खाली आणली.

वनमालाने मध्ये हात घातला.

तळवा तापल्या पत्र्याला चिकटला. कातडी करपल्याचा वास आला. हात आईचा आहे हे हर्षदला दिसलं. तिच्या डोळ्यांत बघत त्याने इस्त्री आणखी दाबली.

तेव्हा तिने डाव्या हाताने हातोडी घेतली आणि त्याच्या मनगटावर घातली. एकदा, मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज इस्त्री न्यायला येऊन दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मार्तंडलाही ऐकू गेला. इस्त्री पडली आणि हर्षद मनगट धरून लादीवर बसला. आई गं, म्हणून रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच. वनमालाचा जीव गलबलला. हातोडी मात्र तिने खाली ठेवली नाही.

आता सगळी गल्ली जमली. टीव्हीचा आवाज वाढवणारे शेजारीही आले. घरातलं घरात मिटवा, पोराची नोकरी जाईल, असं जो तो सांगू लागला. वनमालाने मार्तंडला रिक्षा आणायला सांगितलं आणि सुनेच्या हातात घरची इस्त्री दिली.

पोलीस चौकीतल्या महिला हवालदार समजूतदार होत्या. हात बघून त्यांनीच विचारलं, "काम करताना भाजलं का, मावशी?"

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या बाईचा हात भाजला, यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. हर्षद घरी आला असता, मनगटाला प्लास्टर घालून, आईच्या हातचं जेवला असता. वनमालाने सुनेकडे पाहिलं. रुचिरा जमिनीकडे बघत होती. सासू काय म्हणणार ते तिने गृहीतच धरलं होतं.

"झिलान भाजल्यान, हर्षदान," वनमाला म्हणाली. "आधी सुनेक, मगे माका." मग तिने रुचिराला इस्त्री उघडायला सांगितली आणि हवालदारबाईंना आतला पुठ्ठा दाखवला.

हर्षदला पोलिसांनी नेलं. दुसऱ्या दिवशी सासूसुना दुकानात खाली बसून चिरडलेले थर्मोस्टॅट निवडत होत्या. वनमालाच्या उजव्या हाताला जाडजूड पट्टी होती. ती सांगायची आणि रुचिरा वाकलेल्या पत्त्या पक्कडीने सरळ करायची. पॉइंट पुसायला मऊ सुती कापड लागतं. वनमालाने इकडेतिकडे पाहिलं. हर्षदचा पांढरा शर्ट कालपासून काउंटरवर तसाच पडला होता.

"तो घे," ती म्हणाली.

रुचिरा जागची हलली नाही. मग वनमालानेच शर्ट ओढला, पण एका हाताने तो फाटेना. तिने एक बाजू सुनेपुढे धरली. रुचिराने ती पकडली आणि दोघींनी मिळून ओढलं. पाठ फाटली, बाह्या सुटल्या. एवढं होईपर्यंत वनमालाला रडू कोसळलं होतं आणि तिने ते लपवलं नाही.

कॉलर तेवढी फाटली नाही. ती तिने मांडीवर ठेवली आणि सुनेला टोस्टरचा थर्मोस्टॅट आधी घ्यायला सांगितला.