खुंटीवरची करडगी

लेकाच्या, सिदूच्या गळ्यातली करडगी काढताना महानंदाचे हात दरवेळी थरथरायचे. अंडं सोलताना मात्र थरथरायचे नाहीत, आणि ह्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

लिंगायताच्या घरात लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते मग मातीत जाईपर्यंत, नव्हे, मातीत जातानाही उतरवायचं नसतं. सिदूचं लिंग चांदीच्या इवल्याशा डबीत, म्हणजे करडगीत होतं. तांबड्या दोऱ्यात ओवलेली, कबुतराच्या अंड्याएवढी गोल करडगी. ही उपमा महानंदाला आधी कधी सुचली नव्हती. हल्ली रोज सुचत होती.

विणकर नरसव्वाच्या हातमागाच्या खोलीत भिंतीला एक खुंटी होती. करडगी तिथं टांगायची, तिचं तोंड भिंतीकडे करायचं आणि मग लेकराला मांडीवर घ्यायचं. महानंदाची स्वतःची करडगी तेवढी गळ्यात राही, पदराआड सरकवलेली. ती कुठं खात होती?

"आक्का," नरसव्वा धोटा थांबवून म्हणायची, "तुमी बी खावा की अर्धं! पोरगं एकटंच बाटतंय का?"

नरसव्वा पद्मशाली. मागल्या गल्लीत नवरा-बायको दोघं मिळून चादरी विणायची. घरात मटण शिजायचं तेव्हा आधी खिडकी लावून घ्यायची. "तुमच्या सासूबाईंचं नाक लई तिखट हाय," म्हणून हसायची. मागं परड्यात तिच्या दोन कोंबड्या होत्या. दुष्काळात माणसांना दाणा मिळेना, पण कोंबड्या कशावर जगत होत्या कोण जाणे, अंडी घालत होत्या.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापतानाच भेगाळायची. दूध आटलं होतं. जे यायचं त्यातून भांड्याचं बूड दिसायचं. अशात सिदूला गोवर निघाला. गोवर गेला, पण जाताना पोराचं सगळं बाळसं घेऊन गेला. तीन वर्षांचं पोर पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवायला लागलं, म्हाताऱ्यासारखं. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध लिहिलं आणि म्हणाले, "रोज एक अंडं द्या."

"आमच्यात चालत नाही," महानंदा म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "मग दूध द्या शेरभर. मिळतंय का?"

परतताना तिचा नवरा गुरुलिंग सोबत होता. आडत दुकानात दिवसभर भाव बोलणारा माणूस, घरच्या बाबतीत त्याच्या तोंडून शब्द निघताना मारामार. शेवटी बाळीवेशीपाशी म्हणाला, "आईला कळता कामा नये."

"म्हणजे द्यायचं?"

"मी कुठं द्यायचं म्हटलं? तू शिकलेली आहेस. बघ काय ते."

ते 'बघ काय ते' तेव्हापासून तिच्या डोक्यावर होतं, भरल्या घागरीसारखं. उतरवताही येईना, हलताही येईना. कॉलेजात असताना वादविवादात तिनं ठणकावून सांगितलं होतं, की खाणंपिणं ही ज्याची त्याची मर्जी. टाळ्या पडल्या होत्या. आता मर्जी कोणाची? सिदूला विचारलं नव्हतं. तो तर जे पुढं येईल त्याला तोंड उघडत होता, पाखरासारखा. आणि चार आठवड्यांत त्याच्या गालावर जरा तुकतुकी आली तेव्हा सासूबाई, जगदेवी, नातवाची दृष्ट काढत म्हणाल्या, "सिद्धरामेश्वराचा अंगारा लागू पडला बघ, एव्वा." महानंदानं "होय आत्याबाई" म्हटलं आणि मोहरी-मिरच्या चुलीत टाकल्या. खाट उठला, ठसका लागला, तिला बरं वाटलं. डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं.

त्या दुपारी सिदूचा शेवटचा घास तोंडात होता आणि गल्लीत ओरडा झाला, "नळ आला! नळ आला!"

त्या दिवसांत नळ येणं म्हणजे लग्नाची वरात येण्यासारखं. सगळं टाकून पळायचं. महानंदानं पोराला काखेत मारलं, सदऱ्याची बटणं धावता धावता लावली, घरून घागरी काढल्या आणि रांग गाठली. भांडणं झाली, घागरी भरल्या, आत्याबाईंनी शेजारणीला दोन कन्नड शिव्या हासडल्या. सगळं रीतसर पार पडलं.

दिवेलागणीला पोराचा सदरा बदलताना तिचा हात त्याच्या छातीवर गेला आणि तिथं नुसती छाती लागली.

ती मागल्या गल्लीत पळाली. नरसव्वाच्या दाराला कुलूप. माग बंद. शेजारचा म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीनं गेली की समदी. तेलंगणात, भावाच्या पोरीचं लग्न हाय." महानंदानं खिडकीच्या फटीला डोळा लावला. आत अंधार होता, पण रस्त्यावरच्या दिव्याची एक तिरीप भिंतीवर पडली होती. खुंटीला तांबडा दोरा दिसत होता. करडगीचं तोंड भिंतीकडेच होतं.

सकाळी आत्याबाई पूजेला बसल्या. रोजची रीत अशी, की आधी स्वतःचं लिंग तळहातावर घ्यायचं, मग नातवाला मांडीवर घेऊन त्याचं. त्यांनी सदऱ्यात हात घातला. पुन्हा घातला. मग सदराच काढला.

"महानंदा, लिंग कुटं हाय ह्याचं?"

तिला सांगता आलं असतं. तेव्हाच सांगता आलं असतं. पण जीभ आपोआप वळली. "काल नळावर गर्दीत... दोरा तुटला असेल."

आत्याबाई ओरडल्या नाहीत. नुसतं "शिव शिवा" म्हणाल्या आणि पोराच्या उघड्या छातीवर हात ठेवून बसल्या, जसं काही तिथून रक्त येत होतं. मग उठून चुलीपाशी गेल्या आणि आपल्या वाटणीची भाकरी दुरडीत परत ठेवली.

"लिंग गेलं तर घावंपर्यंत त्या मानसानं जेवायचं न्हाई. आता ते लेकरू, त्यात दुखण्यातनं उटलेलं. त्याला कसला उपास? त्याच्या वाटचा मी करती."

"आत्याबाई, तुमचं वय..."

"तू जेव. लेकराच्या आईनं उपाशी ऱ्हायचं न्हाई."

महानंदा जेवली. समोर म्हातारी पाणी पिऊन बसलेली आणि ही मिलोची भाकरी चावत होती. घास गिळताना तिला वाटलं, सिदूला अंडं भरवताना जे वाटायला हवं होतं ते आता वाटतंय.

संध्याकाळी गुरुलिंग आला तेव्हा तिनं त्याला कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "लिंग कशाला काढत होतीस पण?"

"अंगावर लिंग असताना कसं भरवू?"

"आणि काढून चालतं?"

 अंड्यापेक्षा लिंग उतरवणं मोठं, हे तिला माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत होतं. पण तिला वाटलं होतं, पोर बाटलं तर बाटू दे, देव तरी बाटायला नको.

"कुलूप फोडता का?" ती म्हणाली.

"दुसऱ्याच्या घराचं? आणि लोकांना काय सांगू? दोन दिवस कळ काढ. येतील ती." मग नेहमीसारखं, "आईला तेवढं बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई घरात दिसेनात. महानंदा त्यांना शोधत नळापाशी गेली. ऊन रणरणत होतं, चिटपाखरू नव्हतं. नळाखालच्या गटारात आत्याबाई उकिडव्या बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळ्या चिखलात. मूठमूठ गाळ काढायच्या, दोन्ही तळव्यांत चोळून बघायच्या, बाजूला टाकायच्या. आयुष्यभर सोवळ्यानं राहिलेली बाई. ओठ उपासानं पांढरे पडलेले.

"आत्याबाई, उठा. तिथं नाही ते."

"तुला काय ठावं?"

"मला ठाऊक आहे."

मग तिथंच, गटाराच्या काठाशी, तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर, नरसव्वा, खुंटी. आणि सांगता सांगता तिच्या तोंडून निघून गेलं, "मी नाही खाल्लं हो. मी तोंडसुद्धा लावलं नाही." ते शब्द कानावर पडले आणि केलेल्या सगळ्यापेक्षा तेच तिला हलकट वाटले.

आत्याबाईंनी हातातला गाळ हळूच खाली सोडला. 

"तोंड भितीकडं करून ठेवायचीस?"

"होय."

"म्हंजे देव हाय, हे तुला कळत हुतं."

महानंदा त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"दोन दीस मी उपाशी, हितं गटार चिवडते, आन् तू माज्या म्होरं बसून जेवलीस." एवढंच त्या म्हणाल्या. उठताना त्यांचा तोल गेला. महानंदानं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. भिंतीला धरून घरी आल्या. उपास मात्र सोडला नाही. "ठिकाना लागला म्हंजे गळ्यात आलं न्हवं."

नरसव्वा तिसऱ्या दिवशी सकाळी आली, अंगावर अजून लग्नाची साडी. धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेली करडगी तिनं उंबऱ्याबाहेर उभी राहूनच पुढं केली. "अय्यो, कुलूप लावताना दिसलीच न्हाई बघा. मी न्हाऊन हात लावलाय, अम्मा." आत्याबाईंनी दोन्ही हातांनी ती घेतली. स्वामींना बोलावणं गेलं, मंत्र झाले, सिदूच्या गळ्यात नवा दोरा आला. मग आत्याबाईंनी भाकरी दुधात कुस्करून चार घास खाल्ले. ती भाकरी त्यांनी स्वतः थापली होती. सुनेच्या हातचं त्या दिवशी घेतलं नाही, पुढंही बरेच दिवस घेतलं नाही.

नरसव्वा जायला निघाली तेव्हा आत्याबाईंनी विचारलं, "कोंबड्या हायत का अजून?"

नरसव्वानं महानंदाकडं बघितलं. "हायत की."

आत्याबाई पाठमोऱ्या होऊन सुनेला म्हणाल्या, "माज्या चुलीवर न्हाई. माज्या भांड्यात न्हाई. डाक्टर म्हनतोय तवर तिच्याकडं जा. पन त्याच्या गळ्यातलं काडायचं न्हाई. जे खातोय ते लिंगाच्या म्होरं खाऊ दे. मी हो म्हनलेलं न्हाई, ध्यानात ठेव. पाप हाय ते पापच हाय. नुसतं झाकायचं न्हाई."

"आत्याबाई, तसं मला जमणार नाही."

"मग नको घालूस."

दुपारी ती सिदूला घेऊन गेली. माग खटखटत होता. नरसव्वानं उकडलेलं अंडं वाटीत दिलं आणि आज थट्टा केली नाही. महानंदानं ते सोललं. आज सोलतानाही हात थरथरले. मांडीवर बसलेल्या सिदूनं अंड्याकडं बघितलं आणि सवयीनं मान खाली घातली. करडगी काढायला सोपं पडावं म्हणून. आई काढीना, तेव्हा त्यानं मान आणखी वाकवली.

"आई, काढ की."

ती त्या वाकलेल्या बारक्या मानेकडं बघत राहिली. हे तिनं शिकवलं होतं. अंड्याची चव नव्हे, हे.

तिनं हनुवटीला धरून त्याची मान वर केली. "नाही काढायचं. तसंच खा."

पोरानं खाल्लं. पिवळ्याचा एक कण ओठावरून सुटला आणि करडगीवर पडला. तिनं पदरानं पुसला.

सकाळी आत्याबाईंनी पूजेच्या वेळी नातवाला मांडीवर घेतलं. पिवळं पडलं होतं तिथं चांदीवर एक काळसर डाग उमटला होता. महानंदा दाराशी उभी होती. आत्याबाईंनी डागाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं नाही. चिमूटभर विभूती घेतली आणि अंगठ्यानं डाग घासायला लागल्या. बराच वेळ घासत होत्या.

डाग गेला. आत्याबाईंनी विभूतीची ताटली महानंदाच्या दिशेनं सरकवली.

"उद्यापासनं हे तू घासायचं," त्या म्हणाल्या.