सातबाऱ्यावरचे सारस

२००८ चा श्रावण. चेतना गोंदियाच्या एका कॉलेजात सारसांच्या घरट्यांवर संशोधन करत होती आणि त्यासाठी डेटाबेस शिकत होती. तिच्या इंद्रकुमार सरांच्या मते हल्ली पक्षी दुर्बिणीतून नाही, क्वेरीतून दिसतात.

तिने दोन तक्ते केले. एकात घरटी, दुसऱ्यात धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सातबाऱ्यावरून जशाच्या तशा उतरवलेल्या. गट नंबरावरून दोन्ही जोडणारी क्वेरी लिहिली, बटण दाबलं. दवनीवाड्याच्या शिवारात एकतीस घरटी निघाली.

सर खुर्चीतून उठले. एरवी ते राष्ट्रगीतालाच उठत.

"आजच अहवाल पाठव. एकतीस म्हणजे प्रकल्प दोन वर्षं वाढला. तीन-चार निघाली असती तर तुझी फेलोशिप गेली असती."

एका शिवारात एकतीस, हे चेतनाला पटेना. तिने पाठवला नाही. दुपारी ती दवनीवाड्याला, घरट्यांवर नजर ठेवणाऱ्या उदारामकडे गेली.

"चारच हायेत जी. माह्या बांधीत एक."

"कॉम्प्युटर तुमच्या बांधीत नऊ सांगतो."

तिने त्या नऊ नोंदींचा कागद दिला. उदाराम वाचू लागला. "हा मी, हे भाऊ, ह्या बहिणी... अन् केशोराव काका? त्याले मरून बारा वर्षं झाली! जिता होता तवा कोंबडी नाही पाळली बुढ्यानं, आता सारस कायले पाळते?"

"नाव काढलं नाही अजून?"

"काढून राहिलो ना. बारा वर्षांपासून."

चेतनाला उमगलं. सातबाऱ्यावर बांधीला जितके वारस, तक्त्यात तितक्या ओळी, आणि तितक्यांदा तेच घरटं मोजलं गेलं होतं.

तरी ती बांधावरून उठली नाही. पाण्यात ऊन विरघळत होतं. तिला दिसलं, प्रत्येक वारसाच्या वाट्यात एकेक जोडी उभी आहे. राखाडी पिसं, लाल माना, पार क्षितिजापर्यंत. केशोराव काकांची जोडी जरा कडेला, संकोचून. शिवार शोभत होतं. दोन वर्षं सहज पुरलं असतं.

मग खरी जोडी एका सुरात ओरडली. बाकीचे पंख न हलवता निघून गेले.

कॉलेजात परतून तिने क्वेरीत एक शब्द घातला: डिस्टिंक्ट. म्हणजे तेच ते पुन्हा मोजू नकोस. चार. तिने अहवालात चारच पाठवली.

"बाकीची सत्तावीस कुठे गेली?" सरांनी विचारलं.

"वारसांकडे, सर."

प्रकल्प महिन्याभरात बंद झाला. पुढे पिल्लं बाहेर पडली, तेव्हा आकडा मागणारं कोणी उरलं नव्हतं. चेतना उदारामच्या बांधावर बसून मोजत होती. प्रत्येकाला एकदाच.