उभ्या गवतातले घरटे

मित्रांनो, मी एक म्हातारी रानटर्की आहे. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात, ओक आणि हिकरीच्या झाडीत माझा सारा जन्म गेला. सणाला ताटात येणारी गुबगुबीत पांढरी टर्की वेगळी. तिला दाणे समोर आणून मिळतात. माझा रंग वाळक्या पानांचा आहे. मी हलले नाही, तर तुम्ही माझ्या शेजारून निघून जाल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. मी सहसा हलत नाही, कारण मला भीती वाटते. खरे सांगायचे तर मी जन्मभर घाबरलेलीच आहे.

अंड्यातून नुकती बाहेर आले होते, तेव्हाची गोष्ट. आई आम्हा पिल्लांना घेऊन नाकतोडे टिपायला निघाली होती. मध्येच तिने घशातून एक कोरडा, तुटक आवाज काढला. त्या आवाजाचा अर्थ आम्हाला कोणी शिकवला नव्हता, तरी आम्ही सगळी होतो तिथे जमिनीला चिकटलो. अंगावरून एक सावली सरकली. मी डोळे मिटून घेतले. आईने पुन्हा साद घातली तेव्हा बाकीची उठली, पण माझ्या पुढे चालणारा भाऊ तिथे नव्हता. त्याला ससाण्याने नेले होते. आई क्षणभर आभाळाकडे बघत राहिली आणि चालू लागली. मला ती फार कठोर वाटली. पुढे मी स्वतः आई झाले तेव्हा कळले, की ती थांबून रडली असती तर दुसरे पिल्लू गेले असते.

पुढच्या वसंतात मी पहिले घरटे केले. आमचे नर पिसारा फुलवतात, डौलाने फिरतात आणि निघून जातात. अंडी सांभाळणे मादीनेच करायचे. उन्मळून पडलेल्या एका ओकच्या मुळाशी मी खळगा केला, अंडी घातली, पाने पसरली. एका पहाटे रॅकून नावाचा, मांजराहून मोठा प्राणी आला. डोळ्यांवर काळी पट्टी, आणि पंजे अगदी माणसाच्या हातांसारखे. मी पंखांनी त्याला झोडपले, चोच मारली. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि स्वतःच्या घरी जेवायला बसावे तसा एकेक अंडे फोडून खात राहिला. मी दुसरे घरटे केले. पाणी प्यायला गेले तेवढ्यात काळा साप येऊन गेला. परत आले तर खळगा अजून कोमट होता आणि आत काहीच नव्हते. त्या उन्हाळ्यात मी इतर माद्यांच्या पिल्लांमागून एकटीच चालत राहिले.

आमच्या माद्या दरवर्षी कमी होत होत्या. झाडीच्या कडेची झुडपे लोकांनी साफ केली होती. लपायला जागा उरली नव्हती. म्हणून एका साली मी विल्डा टॅकेट हिच्या कुरणात शिरले. तिथे गवत माझ्या डोक्यापेक्षा उंच होते. त्यातच मी घरटे करून अंडी घातली. विल्डा एकटी राहायची आणि गायी पाळायची. तिचा धाकटा भाऊ ऑरिन तिचे गवत ट्रॅक्टरने कापून द्यायचा. त्या ऑरिनला मी ओळखत होते. वसंतात तो झाडाला पाठ लावून, मांडीवर बंदूक घेऊन बसायचा आणि हुबेहूब मादीच्या आवाजात साद घालून नरांना बोलवायचा. सगळ्या दातांच्या, नखांच्या प्राण्यांपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटायची.

अंड्यांवर बसणे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू? पळण्यासाठी घडलेल्या प्राण्याने पळायचे नाही. एका सकाळी रिमझिम पडत होती. ओली पिसे वास सोडतात. एक कायोटी, म्हणजे आमच्याकडचा मोठा कोल्हा, नाक वर करून माझ्या रोखाने आला. इतका जवळ, की त्याच्या मिशांवरचे पाणी मला दिसत होते. मी श्वास रोखला. तेवढ्यात शेजारी उंदीर खसफसला. कायोटीने उडी मारली, उंदीर तोंडात धरला आणि तो निघून गेला. मी चोचीने अंडी पालटली आणि पुन्हा बसले.

मग गवत कापायचा दिवस उजाडला. ऑरिनने रस्त्याच्या बाजूने सुरुवात केली. पट्ट्यामागून पट्टा आडवा पडत होता आणि यंत्र झाडीकडे, म्हणजे माझ्याकडे, सरकत होते. ससे आणि उंदीर माझ्या अंगावरून पळाले. कुंपणाच्या खांबांवर ससाणे येऊन बसले. मी उठले असते, तर कावळ्यांना अंडी दिसली असती. बसून राहिले, तर पाते येणार होते. आणि माझ्या छातीखाली, अंड्यांच्या आत, पिल्ले चिवचिवू लागली होती.

दुपारी यंत्र थांबले. बहीण-भाऊ उभ्या गवताला लागून सावलीत जेवायला बसले. त्यांचे सगळे बोलणे मला ऐकू येत होते.

"यंदा पहाटे एकाही नराची हाक आली नाही गं," ऑरिन म्हणाला. "कायोटींनी सगळ्या टर्क्या संपवल्या. हिवाळाभर मारतोय, तरी आहेतच."

"तू कायोटी मारतोस, आणि रॅकून मोकाट सुटलेत. रोज संध्याकाळी माझ्या कुत्र्याची ताटली चाटून जातात."

"मग ताटली घरात ठेव की."

"ठेवते. पण तू हरणांना भुलवायला मक्याचे ढीग ओततोस त्याचं काय? अख्ख्या डोंगरातले रॅकून तुझ्याकडेच जेवायला आहेत."

ऑरिन मक्याचा पाव चघळत राहिला.

"उत्तर दे की."

"तोंडात घास आहे," तो म्हणाला. मग मान वर करून म्हणाला, "ढग बघितलेस का? संध्याकाळपर्यंत पाऊस येणार. आवरायला हवं."

"आधी मी हे उरलेलं चालून बघते. मागल्या साली पात्यात सापडलेली मादी आठवतेय ना? तू तिला पुरलीस आणि न जेवता घरी गेलास."

विल्डा काठीने गवत बाजूला करत निघाली. काठी माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर आली. गवत दुभंगले. तिचे डोळे आणि माझे डोळे समोरासमोर आले. माझा प्रत्येक स्नायू 'ऊड' म्हणत होता. पण खालून चिवचिव आली आणि मी बसून राहिले. विल्डा पाय न आपटता मागे सरली.

"ऑरिन, इकडे ये. हळू. बसलीय ती. अंड्यांतून आवाज येतोय."

ऑरिनचे बूट माझ्यासमोर येऊन थांबले. मला वाटले, संपले.

"गोल झुपका सोडून कापतो," तो म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाही, उपयोग नाही. मोकळ्या कुरणात एकटा झुपका म्हणजे खानावळीची पाटी. कावळे, रॅकून, रानमांजर, सगळे सरळ तिथेच येतील."

"मग?"

"मग इथून झाडीपर्यंत सगळंच उभं ठेवायचं. पण आजच्या पावसात ते लोळणार. जनावरांना घालण्याजोगं राहायचं नाही. हिवाळ्यात काय घालशील गायींना?"

विल्डाने ढगांकडे पाहिले, मग गोठ्याकडे पाहिले.

"दोन गायी कमी ठेवीन. यंत्र फिरव माघारी."

"वेडी आहेस तू."

"घराण्यातच आहे. चल."

संध्याकाळी पाऊस आला. गवत खरेच लोळले, पण माझ्यावर तिरके छप्पर झाले. त्या पावसात माझी पिल्ले जन्मली. मी पंख पसरून त्यांना झाकले आणि प्रत्येक आवाजाला दचकत राहिले.

पिल्ले सुकून पायांवर उभी राहिली, तशी मी त्यांना घेऊन झाडीकडे निघाले. कडेला पोचते तो समोर रानमांजर दबा धरून बसलेले. मी आईचा तो कोरडा आवाज काढला. पिल्ले गवताखाली गडप झाली. मी एक पंख मोडल्यासारखा लोंबता ठेवला आणि फडफडत कापलेल्या मोकळ्या भागाकडे पळाले. मांजर माझ्या मागे आले. मी जवळ येऊ दिले, फार जवळ येऊ दिले. त्याची नखे मांडीत शिरली तेव्हा मी उडाले. फांदीवर बसून मी बघत होते. मांजर परत गेले, गवत हुंगत फिरले. एक पिल्लू त्याला सापडले. बाकीची इतकी दाट झाकली होती, की ते कंटाळून निघून गेले. मी खाली उतरून हलकेच साद घातली. गवत इथे हलले, तिथे हलले, आणि माझी पिल्ले एकेक करून बाहेर आली. ते गवत कापलेले असते, तर एकही आले नसते.

पानगळीनंतर एका सकाळी विल्डाच्या दारात गाडी आली आणि दोन गायी घेऊन गेली. विल्डा गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभी होती. ऑरिनने तिच्यासाठी कॉफी आणली आणि दोघांनी ती फाटकाशीच उभ्याने घेतली. पुढच्या वर्षीपासून त्याने झाडीकडचा भाग उन्हाळा चढेपर्यंत कापायचा सोडला. मक्याचे ढीगही बंद झाले. बंदूक मात्र त्याने सोडली नाही, आणि मीही त्याला भ्यायचे सोडले नाही.

आता मी लंगडते. पिसे विरळ झाली आहेत. त्या रानमांजराचा मला राग नाही. त्यालाही पिल्ले असतात आणि ती भुकेली असतात. ससाणा, साप, कायोटी, सगळे माझ्याआधीपासून या डोंगरात आहेत. त्यांना मारून टाका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. उष्टेखरकटे उघड्यावर टाकून अंडीचोरांना पोसू नका. झाडीच्या कडेची झुडपे उगीच साफ करू नका. पिल्ले पायांवर उभी राहीपर्यंत कुरणाचा एक कोपरा तसाच राहू द्या. लपण्यापुरते गवत तुम्ही ठेवा. बाकीचे मी घाबरून सांभाळीन.