जुना संच

खिडकी अकराला उघडायची होती, पण बाबा साडेदहापासूनच बाकावर ताठ बसून होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात. शेजारी थोरली. बाबांना लेक एकच, तरी आई तिला कौतुकाने थोरली म्हणायची. धाकटं कुणी आलंच नाही, नाव मात्र राहिलं.

"आज मी बोलणार," बाबा म्हणाले. "तू मध्ये पडायचं नाहीस. तू पडलीस मवाळ, म्हणून तर यांनी तुला आठ महिने नाचवलं."

"बाबा, जाऊ द्या ना आता. कागद होण्याशी मतलब."

"कागद होतीलच. पण तुझ्या आईचे डोळे वाटेकडे लागले होते. कुणीतरी ते यांना सांगायला नको?"

थोरली फरशीकडे बघत राहिली.

गोष्ट साधी होती. आईबाबांना समुद्रकाठच्या एका उबदार देशात जाऊन राहायचं होतं. निवृत्त माणसांना तिथे वेगळा व्हिसा मिळतो. "इथल्या थंडीत गुडघे कुरकुरतात," आई म्हणायची, "तिथल्या उन्हात निदान माझं ऐकून तरी घेतील." पेन्शनचं पत्र, पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला, सगळ्याच्या प्रती, दोघांचा एकेक संच, या कचेरीतून प्रमाणित करून घ्यायच्या आणि शिक्का बसल्यापासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीत द्यायच्या. थोरलीने हे काम हौसेने अंगावर घेतलं. अधिकारपत्रावर आईबाबांनी डोळे झाकून सह्या केल्या.

कागद नवव्या दिवशीच तयार झाले. सही करून ते तिने घेतलेही. रात्री ती आईकडे गेली, तेव्हा तिची दोन्ही मुलं तिथेच जेवून, अभ्यास करून, आजीच्याच पांघरुणात झोपली होती. परीक्षा होऊ देत, मग देऊ, असं म्हणून तिने घरी येऊन पाकीट कपाटातल्या चादरींच्या थप्पीखाली सारलं. परीक्षा झाल्या. मग सुट्टी लागली. मग तिच्या ऑफिसात बढतीचं वारं सुटलं. आई फोनवर विचारायची, "काही कळलं का गं?" आणि ही म्हणायची, "अगं, कचेरीच ती. हलता हलत नाहीत." तीन महिने कधीच उलटून गेले. मग आई आजारी पडली आणि अकरा दिवसांत गेली.

आता बाबांना एकट्यालाच जायचं होतं.

खिडकी उघडली. काचेमागे शिक्केवाल्या बाई. थोरलीला पाहून त्यांनी ओळखीचं हसू दिलं. बाबांची फाईल उलटली, संगणकात क्रमांक घातला.

"आजोबा, पेन्शनचं पत्र तेच आहे. आधीचा संच जमा करावा लागेल. तो रद्द केल्याशिवाय त्याच कागदावर दुसरा शिक्का देता येत नाही."

"कसला संच?" बाबांचा आवाज चढला. "तुम्ही दिलाच कुठे? माझी मुलगी नोकरी सांभाळून फेऱ्या मारत राहिली आणि तुम्ही नुसतं आज या, उद्या या! माझी बायको गेली वाट बघत. तुम्हाला काय, तुमचा चहा वेळेवर आला म्हणजे झालं!"

रांगेतली माणसं बघायला लागली. बाईंनी मागच्या कपाटातून आवक-जावकची वही काढली, बोटाला पाणी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट थांबलं. काचेतून थोरलीला ती ओळ उलटी दिसत होती. उलटी असली तरी स्वतःची सही माणसाला कळते.

बाईंनी नजर वर केली. आधी थोरलीकडे, मग बाबांकडे. मग त्यांनी वही मिटली.

"नोंद सापडत नाही, आजोबा. आमच्याकडेच गहाळ झालं असेल. एक प्रतिज्ञापत्र द्या, मी वरून मंजुरी घेते."

"बघ!" बाबा लेकीकडे वळले. "मी म्हटलं नव्हतं?"

थोरलीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मूग गिळून बसलं की झालं. एक कागद, एक सही, संपलं. पण बाईंची मान खाली होती, बोलणी ऐकून घेतलेल्या माणसाची असते तशी. आणि प्रतिज्ञापत्रावर बाबा शपथेवर लिहून देणार होते, की संच मिळालाच नाही.

"बाबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "बाबा, कागद घरी आहेत. माझ्या कपाटात. नवव्या दिवशी मिळाले होते."

"म्हणजे?"

"मीच नाही दिले. तुम्ही गेलात की मुलांचं काय, माझं काय… आज देऊ, उद्या देऊ करत राहिले."

बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तिला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते खिडकीकडे वळले. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने काचेसमोर हात जोडले, कमरेत वाकून. "बाई, मी तुम्हाला नको ते बोललो. माफ करा."

"अहो आजोबा, असं काय करता," बाई गडबडून उठल्या. "होतं माणसाकडून."

थोरलीने बाबांचा दंड धरला. "चला, घरी जाऊ. तुम्ही दमलात. उद्या सकाळी मी पहिलं काम हेच…"

त्यांनी दंड सोडवून घेतला, हळूच, रांगेतल्या कुणाला कळू न देता.

"खिडकी कधी बंद होते, बाई?"

"दीडला."

"मी इथेच बसतो," बाबा बाकावर टेकत म्हणाले. "तू जाऊन घेऊन ये. दोन्ही संच आण. तिचाही."

"इतका वेळ तुम्ही इथे एकटे…"

"थोरले," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता, "आत्ता जा."